पाहुण्यांसाठी वर केलेला पलंग

आप्पा पहिल्यांदा पडले तेव्हा मी दाढी करत होतो. आतून जो आवाज आला तो माणूस पडल्याचा वाटला नाही, कुणीतरी पेटी सरकवल्यासारखा वाटला. म्हणून मी राहिलेला गाल पुरा केला, तोंड धुतलं आणि मग आत गेलो. वडील पलंग आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीत आडवे होते. एक हात अंगाखाली अडकला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चष्मा बघ कुठं गेला."

त्याआधी काही महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. औषधांनी बोलणं परत आलं, हात बराचसा परत आला, पाय तेवढा मागे राहिला. उठताना तो पाय उशिरा यायचा. आप्पांना ते मान्य नव्हतं. पाय आलाय असं धरूनच ते उभे राहत.

त्यांचा पलंग उंच होता, लोखंडी, जुन्या पद्धतीचा. त्याच्या खाली दोन ट्रंका आणि ज्वारीचे पत्र्याचे डबे बसत. आप्पा धडधाकट होते तेव्हासुद्धा काठावर बसले की त्यांच्या टाचा जमिनीला लागत नसत. पण त्या उंचीला आमच्या घरात अर्थ होता. आप्पा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्था केव्हाच बंद पडली होती. एका दुष्काळात लोकांनी जनावरं बाजारात नेऊन विकली, दूध आटलं आणि संस्थेच्या खोलीला कुलूप लागलं. तरीही गावात त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. चेअरमनच म्हणत. त्याच्याही आधीच्या दुष्काळात संस्थेनं जनावरांची छावणी चालवली होती तेव्हा ते छावणीच्या तोंडाशी बाज टाकून बसायचे आणि लोक समोर उकिडवे बसून चाऱ्याचं गाऱ्हाणं सांगायचे. पुढं घरीही तसंच झालं. आप्पा पलंगावर, लोक सतरंजीवर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आमच्याकडे मी आणल्या, वडवणीला खत-बियाण्यांचं दुकान टाकल्यावर.

आप्पा पडल्यावर मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरांनी पाय तपासला, चालवून पाहिलं आणि मला विचारलं, "झोपतात कशावर?"

मी हातानं उंची दाखवली. त्यांनी मान हलवली.

"हे बघा, हे पडणारच नाहीत असं मी सांगू शकत नाही. किती उंचीवरून पडतील, एवढं मात्र तुमच्या हातात आहे. पलंग बदला. झोपलेले असतील तेव्हा तो शक्य तितका खाली पाहिजे, जवळजवळ जमिनीला. उठायच्या वेळी तेवढाच वर, की दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. शेजारी जाड गादी अंथरून ठेवा. आणि उंच पलंगाला कठडे लावून मोकळे होऊ नका. अशी माणसं कठडा ओलांडायला जातात."

मग आप्पा बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "खुबा जपा. तो शाबूत राहिला तर वॉकर धरून दिवाळीपर्यंत गावात फिरतील. मोडला तर या वयात पुन्हा उभे राहणं अवघड."

एवढं स्पष्ट मला सांगितलं गेलं होतं. नंतर मी माहीत नव्हतं असं कुणाला सांगू शकलो नाही, म्हणून दुसरंच काहीतरी सांगितलं.

घरी आल्यावर बायकोनं सगळ्यात सोपा उपाय काढला. ती आप्पांना मामा म्हणते. म्हणाली, "मामा, नवीन पलंग येईस्तोवर भुईवरच गादी टाकू का? पडायची भीती नको."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "कावून? येळ आली का माजी?"

बायकोनं जीभ चावली. आमच्याकडे माणसाचा श्वास लागला की त्याला अंथरुणावरून उचलून भुईवर ठेवतात. 'खाली घेतलं' म्हटलं की पुढं काही विचारायचं राहत नाही, लोक कामं टाकून निघतात. तिच्या मनात असलं काही नव्हतं. पण आप्पांनी त्या दिवशी तिच्या हातचा चहा घेतला नाही, आणि जमिनीवरची गादी हा विषय आमच्या घरात संपला.

दोन दिवसांनी मी आणि ती बीडला गेलो. दवाखान्याचं सामान विकणारं दुकान होतं. तिथं बुटके पलंग तीन तऱ्हेचे होते. एक नुसताच बुटका, न हलणारा. त्यावरून आप्पांना उठवायचं म्हणजे रोज दोन माणसं लागली असती. दुसरा हँडलचा. पायथ्याशी हँडल, ते फिरवलं की पलंग वर, उलटं फिरवलं की खाली. तिसरा विजेवरचा, बटणाचा.

बायकोनं हँडलच्या पलंगाजवळ बसून ते फिरवून पाहिलं. पलंग गुपचूप वर आला, गुपचूप खाली गेला. "हाच घ्या," ती म्हणाली. "लाईट असो, नसो."

"आलेल्या माणसांसमोर तू हँडल फिरवत बसणार?"

"मग? हापसा मारते की लोकांसमोर. त्याला कुणी काही म्हणलं का?"

दुकानदार हसला. तो वाईट हसला नव्हता, पण मला लागलं. मी बटणाच्या पलंगाकडे वळलो. दुकानदारानं रिमोट माझ्या हातात दिला. मी बोट ठेवलं आणि ते धूड बारीक गुरगुरत जमिनीपर्यंत गेलं.

"लाईट गेली तर?" बायकोनं विचारलं.

"बॅटरी हाय ना ताई. लाईट गेली तरी दोन-चार बार खाली-वर होतो. रोज चार्ज झाली पायजे फकस्त."

"आमच्याकडं रोज लाईट राहती का?" ती म्हणाली. हे ती दुकानदाराला म्हणाली, पण ऐकवलं मला.

मी विजेचाच घेतला. त्या वेळी मनात काय होतं ते आता लपवून उपयोग नाही. आप्पांचा खुबा मनात होताच. पण त्याच्या शेजारी हेही होतं की चेअरमनच्या पोरानं काय आणलं हे बघायला गाव येणार आहे, आणि त्यांना हँडल दिसायला नको.

गाव आलंच. टेम्पोतून पलंग उतरवताना गल्लीतला एकजण म्हणाला, "चेअरमनला इमान आणलं का काय बे?" दुसरा म्हणाला, "उडत न्हाई, भुईलाच जातंय ते." आप्पा ओसरीवरून हे सगळं ऐकत होते आणि खूश होते. पलंग लावून झाल्यावर आम्ही त्यांना बसवलं, आडवं केलं आणि मी बटण दाबलं. त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला.

"अजून किती?"

"झालं, आप्पा."

"घरातलं समदं उंच झालं की रे," ते म्हणाले.

पलंगानं त्याचं काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. आल्यानंतर काही दिवसांतच पहाटे आप्पा कुशीवर वळताना घसरले आणि शेजारच्या जाड गादीवर आले. आम्ही धावलो तर ते उताणे पडून हसत होते. "पडलो बे," मला म्हणाले, "पण लागलं न्हाई कुटं." त्यांचं वजन वाढलं. सकाळी पलंग हवा तेवढा वर घेतला की पाय टेकून ते वॉकरवर उभे राहत, उंबऱ्यापर्यंत जात, तिथून अंगणात. संस्थेची बंद खोली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या ओट्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बोलून दाखवत नव्हते, पण अंगणात उभे राहिले की तिकडेच बघत.

मग त्यांचे एक जुने सोबती भेटायला आले. संस्थेत ते आप्पांबरोबर संचालक होते. दोघांची जन्मभर एकमेकांना टोमणे मारायची रीत. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली आणि आप्पांच्या उशाशी बसले. त्यांचे धुळीनं भरलेले पाय आप्पांच्या तोंडाच्या उंचीला आले. त्यांनी खाली पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"चेअरमन! लई खाली बसविलं की पोरानं तुमाला. आमी वर अन् तुमी खाली, असं कधी झालतं का?"

"आमच्या पायाशी बसून बसून तुमची कंबर गेली," आप्पा म्हणाले, "म्हणून खुर्ची दिलीया."

दोघं हसले. चहा झाला. ते गेले. संध्याकाळी बायकोनं भाकरी कुस्करून दिली ती आप्पांनी तशीच ठेवली. मी विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्यापासून कुणी आलं की हे वर घ्यायचं."

"आप्पा, डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टरच्या तोंडाशी बसतंय का कुणी पाय घेऊन?"

स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, "त्यांचं खोटं नाही. खुर्च्या काढा तिथून. पहिल्यासारखी सतरंजी टाकते. लोक खाली बसतील, मामा आपोआप वर राहतील. पलंग हलवायची गरजच नाही."

तिचं म्हणणं एवढं सोपं होतं की मला राग आला. म्हणालो, "आता कोण बसतं खाली? कडक इस्त्रीची माणसं येतात. त्यांना भुईवर बसवायचं?"

कडक इस्त्रीची माणसं तोपर्यंत यायला लागली होती. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. पेरणीच नाही, तर माझ्या दुकानात कोण येणार? मी दुपारीच शटर ओढून घरी येत असे. विहिरी तळाला गेल्या, गावाला टँकर सुरू झाला आणि पुन्हा छावणीची बोलणी निघाली. छावणी चालवायला सहकारी संस्था लागणार होती. नवीन काढायला वेळ नव्हता. आमची दूध संस्था बंद असली तरी कागदावर जिवंत होती, आणि तिचे म्हातारे सभासद आप्पांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. म्हणून तालुक्यातले एक पुढारी जीप घेऊन आमच्या दारात येऊ लागले. त्यांना आप्पांचा होकार हवा होता. चेअरमन मात्र चालता-फिरता माणूस लागणार. तो कोण, हे कुणी बोललं नव्हतं, पण ते माझ्याकडे बघून बोलत आणि मला ते कळत होतं.

त्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडली. दारात गाडी थांबली की मी आत जाऊन पलंग वर घ्यायचा. बायकोनं आप्पांच्या पाठीशी लोड द्यायचा, टोपी द्यायची. शेजारची जाड गादी उभी करून कोपऱ्यात लावायची, कारण तिच्या जागेवर खुर्च्या मांडायच्या. आप्पा वर आले की खिडकीतून त्यांना रस्ता दिसायचा, कोण येतंय ते दिसायचं, आणि त्यांचा आवाजही बदलायचा. पाहुणे गेले की पलंग खाली, गादी पुन्हा जागेवर. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. विजेचा भरवसा नव्हता, तेव्हा निम्म्या वेळा बॅटरीवरच. हळूहळू पलंग वर येताना कण्हल्यासारखा आवाज करू लागला.

"बॅटरी बसत चालली," बायको म्हणाली.

"दुकानदाराला सांगतो," मी म्हणालो. पण सांगितलं नाही. बीडला मी त्या महिन्यात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा त्याच पुढाऱ्यांबरोबर.

त्या दिवशी ते दुपार कलल्यावर आले, बरोबर आणखी दोघं होते. मी पलंग वर घेतला, अगदी वर, कारण पुढारी उंच होते. आप्पा टोपी घालून लोडाला टेकून बसले. बोलणं निम्म्यात आलं आणि पंखा थांबला. कुणी लक्ष दिलं नाही. आप्पा तयार झाले होते, त्यांच्या काही अटी होत्या. छावणीत कुणाची जात-भावकी बघायची नाही. चाऱ्यासाठी उसाचं वाढं वजन करून द्यायचं. मग त्यांनी विचारलं, "जागा कुठली धरली?"

"नाल्याकडची म्हणतेत, चेअरमन. मोकळी हाय, गाड्या जातेत."

"न्हाई. ती न्हाई. मी दाखवितो जागा." आप्पांनी पाय पलंगाबाहेर सोडले. "वॉकर दे रे. आत्ता जाऊन येऊ."

सगळे हसले. मायेनं हसले, तेही खरं. पुढारी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "तुमी कशाला तसदी घेताय? पोरगं हाय की तुमचं. तुमी फकस्त आशीर्वाद द्या."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की त्यांना ऐकून तरी घ्या. मी म्हणालो, "आप्पा, ऊन आहे बाहेर."

त्यांनी पाय पुन्हा वर घेतले.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. आमच्याकडे तो हॉर्न वाजला की घरात बाई थांबत नाही. उशीर झाला तर त्या दिवशीचं पाणी गेलं. बायको कळशा घेऊन दारात आली आणि थबकली. "आधी पलंग खाली घ्या," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. पलंग कण्हला, बोटभर खाली आला आणि थांबला.

"लाईट आली की घेतो," मी म्हणालो. "मी आहे ना इथं. तू जा."

ती माझ्यावर विसंबून गेली.

मी पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो. आप्पांना तिथून हाक ऐकू येण्याइतकं ते जवळ आहे. दोघं मागे बसले. पुढारी ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे सोडून स्वतः मागे गेले आणि पुढचं दार माझ्यासाठी उघडून म्हणाले, "बसा चेअरमन. जागा दाखवा आमाला."

चेअरमन मला आयुष्यात कुणी पहिल्यांदा म्हटलं होतं. मी बसलो. आत वडील उंचावर एकटे आहेत, खाली गादी नाही, घरात कुणी नाही, हे मी विसरलो होतो असं म्हणता आलं तर बरं होईल. विसरलो नव्हतो. बसताना मनात आलं होतं, पाच मिनिटांत तर येतो.

पाच मिनिटांत झालं नाही. नाल्याकडच्या जागेत मी हातवारे करून दावणी कुठं, वजनकाटा कुठं, हे दाखवत बसलो. ते माना हलवत होते. जीप परत दारात आली तेव्हा अंगणात कळशा तशाच टेकवलेल्या होत्या आणि शेजारची माणसं जमली होती.

आप्पा खुर्च्यांच्या मध्ये पडले होते. त्यांना वॉकर घ्यायचा होता, तो पलीकडच्या भिंतीला होता. टोपी डोक्यावरच होती. पाय बाहेर वळला होता, ते बघून खुबा मोडल्याचं मला कळलं. बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला एवढंच विचारलं, "तुम्ही इथं होतात ना?"

"लाईट गेली होती," मी म्हणालो.

हेच वाक्य मी पुढं सगळ्यांना सांगितलं. बीडच्या दवाखान्यात बहीण आली, तिच्या सासरहून एसटीनं, डोळे सुजलेले. "दादा, आप्पा पडले कसे रे?" मी म्हणालो, "पलंग वर होता, लाईट गेली, खाली येईना." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिनं वीजवाल्यांना शिव्या दिल्या. मग गावानं दिल्या. पुढाऱ्यांनी तर माझ्यासमोर वीज कार्यालयात कुणाला तरी फोन लावून झापलं, की तुमच्यामुळं एका थोर माणसाचा पाय गेला. मी शेजारी उभा राहून ऐकलं. बायको तिथं होती. ती उठून पाणी प्यायला गेली.

ऑपरेशन झालं. हाड जुळलं असं म्हणतात. पण अंगात जे काही राहिलं होतं ते त्या आठवड्यांत गेलं. वॉकर समोर धरला की आप्पा त्याकडे नुसतं बघायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं पुन्हा सांगितलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी त्यांचे पाय चेपत होतो. पलंग खाली होता, मी जमिनीवर बसलो होतो. ते म्हणाले, "जागा कोणती दाखविलीस?"

"नाल्याकडची."

"तिथं पाणी सांडून चिखलाची राड होती. मागच्या छावणीत केलतं आमी तसं. जनावरांचे खूर सडले, मग हलवाया लागली समदी छावणी." मग म्हणाले, "तेच सांगाया उठलो व्हतो."

मी पाय चेपत राहिलो.

"गाडीत पुढं बसलास ना?"

"हो."

"दिसलं खिडकीतून," ते म्हणाले आणि डोळे मिटले. त्यावर ते कधीच बोलले नाहीत. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. मी वाट बघत होतो म्हणा ना.

मी चेअरमन झालो. इथं मी नकार दिला असं लिहायला मिळालं असतं तर हा मजकूर लिहायची गरजच पडली नसती. बिनविरोध झालो. सभासदांनी आप्पांच्या पायाकडे बघून हात वर केले. छावणी नाल्याकडेच पडली आणि आप्पा म्हणाले तसंच झालं, राड झाली, जनावरं लंगडायला लागली. मग आम्ही ती हलवली. कुठं हलवायची ते मी आप्पांना विचारायला गेलो. त्यांनी सांगितलं, जसं कुणाही माणसाला सांगितलं असतं. लोक म्हणाले, नवीन चेअरमन हुशार आहे.

घरातल्या खुर्च्या बायकोनं मला न विचारता माळ्यावर टाकल्या. सतरंजी आली. मग एकदा पुढारी भेटायला आले. मी उभाच राहिलो. बायको दारातून म्हणाली, "बसा भाऊ." त्यांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, चपला बाहेर काढल्या, आणि त्यांची ती कडक विजार सावरत, गुडघे कडकडा वाजवत खाली मांडी घातली. "बरं वाटतं भुईला," म्हणाले. चहा प्यायले, आप्पांशी खालच्या पट्टीत बोलले आणि गेले. कुणाचं काही गेलं नाही. सगळं मिळून एवढंच होतं ते.

आप्पा आता पलंग वर घ्या म्हणत नाहीत. कुणी आलं तरी नाही. वर घेतो ते आम्ही आमच्यासाठी, अंग पुसताना, आमची कंबर दुखू नये म्हणून. बॅटरी मी नवीन बसवली आहे.

परवा औषधं बदलून घ्यायला आम्ही दोघं बीडला गेलो होतो. आप्पांना आता नेता येत नाही. डॉक्टरांनी जुनी फाईल चाळली, रक्तदाब विचारला, झोप विचारली.

"ऑपरेशननंतर पुन्हा पडले का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"एकदाही नाही?"

"नाही."

"चांगलं आहे. म्हणजे पलंगाचा उपयोग झाला." त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "अजून काही सांगायचंय?"

शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवर पिशवी धरून बसली होती. ती माझ्याकडे वळली आणि थांबून राहिली.

"शौचाला घट्ट होतं त्यांना," मी म्हणालो. "त्याचं काहीतरी लिहून द्या."